वाचकांचे प्रश्न : करवतीला जोर लावावा लागतो तेव्हा

पावसाळ्याच्या तोंडाशी इंदूरला वादळी वारे सुटले की दोन-चार वस्त्यांत तरी गुलमोहर आडवे होतात, आणि पुढच्या पंधरवड्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरून जातो. पूर्वी अशा वेळी कुऱ्हाड घेऊन दोन माणसे येत. आता घरोघरी मागवलेली चेन सॉ दिसते, जिला आपल्याकडचे मजूर नुसते ‘कटर’ म्हणतात. सियागंजात यंत्रदुरुस्तीच्या दुकानावर माझी बावीस वर्षे गेली. त्या काळात दुरुस्तीला आलेल्या करवतींपैकी इंजिनातच दोष असलेल्या थोड्या होत्या. बाकीच्या बोथट साखळीने, चुकीच्या तेलाने किंवा शिळ्या पेट्रोलने आजारी पडलेल्या असत. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत आणि जागेअभावी प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : मी सुदामानगरात राहणारा, ६४ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. अंगणातल्या गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी वादळात अर्धवट मोडली असून तिचा शेंडा कुंपणाच्या भिंतीवर टेकला आहे. मुलाने ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची, पेट्रोलवर चालणारी करवत मागवून दिली आहे. शेजारी म्हणतात की हे यंत्र ‘उलटते’. उलटते म्हणजे नेमके काय होते, आणि मी ते चालवावे की नाही?

उत्तर : आपण प्रश्नांचा क्रम योग्य लावला आहे. आधी उलटणे समजून घ्यावे आणि मगच चालवण्याचे ठरवावे.

करवतीची साखळी एका लांब पट्टीच्या कडेने फिरते. वरच्या कडेवर ती आपल्याकडून टोकाकडे धावते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेने पुन्हा आपल्याकडे येते. खालच्या कडेने कापताना साखळी यंत्राला लाकडाकडे ओढते, वरच्या कडेने कापताना आपल्याकडे ढकलते. या दोन्ही ओढी सावध माणसाच्या हाताला कळतात आणि सांभाळता येतात. धोका आहे तो टोकाच्या गोलाईच्या वरच्या भागात. तेथे दात लाकडात रुततो, पण त्याला कापून बाहेर पडता येत नाही, आणि दात अडला की इंजिनाची सगळी ताकद लाकडाऐवजी यंत्रालाच फिरवते. पट्टी वर उचलली जाऊन चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, मानेकडे किंवा डाव्या खांद्याकडे येते. मजूर याला ‘किक मारली’ म्हणतात. साखळीचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे असतो, त्यामुळे हे पाहून हात आवरण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही. काप मिटला आणि लाकडाने वरच्या कडेवर साखळी चिमटली, तरी यंत्र असेच अंगावर येते.

यावरचा यंत्रातला उपाय म्हणजे पुढच्या मुठीसमोर उभी असलेली ढाल. पुष्कळांना ती केवळ भुसा अडवण्यासाठी असावी असे वाटते. वास्तविक ती साखळीच्या ब्रेकची कळ आहे. झटक्यात डाव्या हाताचे मनगट तिच्यावर आपटले, किंवा झटक्याच्याच जोराने ती पुढे पडली, की क्लचच्या डब्याभोवतीचा पोलादी पट्टा आवळला जातो आणि साखळी क्षणार्धात थांबते. हा ब्रेक रोज काम सुरू करण्यापूर्वी तपासावा. ढाल पुढे ढकलून ब्रेक लावावा आणि जास्तीत जास्त तीन सेकंद पूर्ण रेस द्यावी. साखळी जागची हलता कामा नये. हलली, तर त्या दिवशी ते यंत्र वापरू नये. ब्रेकच्या पट्ट्यात तेलमिश्रित भुसा बसून तो घसरू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि अशा वेळी निव्वळ साफसफाईने काम भागते.

दुसरा उपाय आपल्या हातात, म्हणजे अक्षरशः डाव्या अंगठ्यात आहे. उजवा हात मागच्या मुठीवर आणि डावा पुढच्या मुठीवर हवा, आणि डावा अंगठा इतर बोटांच्या बाजूला न ठेवता मुठीखालून पूर्ण वळवलेला हवा. अंगठा वर राहिला तर झटक्यात मूठ सुटते, आणि मूठ सुटली की ब्रेक लागेपर्यंत यंत्राला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. डावा कोपर शक्यतो सरळ ठेवावा, आणि स्वतः पट्टीच्या रेषेत उभे न राहता तिच्या किंचित डावीकडे राहावे, म्हणजे यंत्र उलटले तरी ते डोक्याच्या बाजूने जाईल. खांद्याच्या उंचीच्या वर करवत नेऊ नये. शिडीवर उभे राहून ती चालवणे तर मी अनुभवी माणसालाही करू देत नसे.

आता आपल्या यंत्राविषयी स्पष्ट बोलतो. घरच्या फांद्यांसाठी १४ किंवा १६ इंची पट्टी पुरेशी असते. २२ इंची पट्टीचे टोक आपल्या डोळ्यांपासून फार दूर राहते, आणि फांदी कापण्याच्या नादात ते फांदीपलीकडच्या भिंतीला कधी टेकले हे कळत नाही. आपल्या बाबतीत तर फांदी भिंतीवरच टेकलेली आहे.

शिवाय ती फांदी दिसते तितकी स्वस्थ नाही. एक टोक झाडाला अडकलेले आणि दुसरे भिंतीवर, अशा स्थितीत तिची वरची बाजू दाबली गेलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलात तर काप मिटेल आणि पट्टी अडकेल. खालून सरळ कापत गेलात तर ताणलेले लाकूड फाटून फांदी अचानक कोसळेल. म्हणून आधी दाबाच्या बाजूने, म्हणजे येथे वरून, साधारण एक तृतीयांशापर्यंत कापावे आणि मग खालून वर येत तो काप पूर्ण करावा. फांदीचे एकच टोक धरलेले असेल आणि दुसरे मोकळे लोंबत असेल, तर हाच हिशेब उलटा होतो. लाकडाकडे पाहून दाब कोठे आणि ताण कोठे हे ओळखता येणे हेच या कामातले कौशल्य आहे, आणि ते जमिनीवरच्या लाकडांवर शिकावे.

तेव्हा माझा सल्ला असा आहे की ही फांदी जाणत्या माणसाकडून उतरवून घ्यावी आणि ती जमिनीवर आल्यावर तिचे तुकडे आपण करावेत. तुकडे घोडीवर आडवे ठेवून कापावेत, म्हणजे साखळी मातीला लागणार नाही. यंत्र जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत रोवून आणि डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरूनच दोरी ओढावी. एका हातात यंत्र लोंबकळत ठेवून दुसऱ्याने दोरी ओढण्याची ऐट मजुरांना शोभत असेल, आपल्याला नको. जाळीचा किंवा पारदर्शक पडदा असलेले हेल्मेट, कानांवर आवाज रोखणारे कप, हातमोजे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट आणि करवतीसाठीचे संरक्षक पायमोजे हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. हे मांडीपर्यंतचे पायमोजे जाड कापडाचे असतात म्हणून वाचवत नाहीत. त्यांच्या आतले लांब धागे साखळीबरोबर ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि चाकच अडते. जीन्सच्या पँटीत असे काही नसते. घरात एकटे असताना मात्र यंत्र सुरूच करू नये.

प्रश्न : महू रस्त्यावर आमची शेती आहे. बांधावरच्या बाभळी तोडण्यासाठी घेतलेली करवत पहिले दोन महिने लोण्यातून जावी तशी चालत होती. आता ती धूर करते, भुसा पिठासारखा पडतो, काप एका बाजूला वळत जातो आणि दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय लाकूड तुटत नाही. गावातल्या कारागिराने ग्राइंडरवर दात घासून दिले, त्यानंतर दात निळे दिसतात आणि यंत्र आणखीच झटके देते. इंजिन कमजोर झाले असेल का?

उत्तर : इंजिनाला हात लावू नका. आपण लिहिलेली प्रत्येक खूण साखळीकडे बोट दाखवते.

काम करताना अधूनमधून यंत्र बंद करून खाली पडलेला भुसा तळहातावर घ्यावा. धार चांगली असली की तळहातावर तांदळाच्या कण्यांहून मोठे, चपटे, कडा असलेले तुकडे येतात आणि ते बोटांत चुरडत नाहीत. धार गेली की हातात पीठ येते. धारदार साखळी लाकडात स्वतःहून शिरते. यंत्राचे वजन तिला पुरते. ज्या क्षणी आपल्याला दाबावेसे वाटले, त्या क्षणी ती बोथट झाली आहे असे समजून थांबावे, कारण दाबणारा माणूस पुढे झुकलेला असतो आणि काप संपताच यंत्र त्याच्या पायांकडे येते. धारदार करवतीपेक्षा बोथट करवतीची मला जास्त भीती वाटते, हे मी दुकानात गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितले आहे की त्यांनी माझ्यामागे माझी नक्कल केली असेल.

शेतात धार जाण्याचे मुख्य कारण आपली काळी माती. पडलेले खोड कापताना साखळीचे टोक एकदा जमिनीत घुसले की एका सेकंदात इतके दात मातीतून जातात की दिवसभराच्या कामाने जाणार नाही एवढी धार तेथे जाते. बुंध्याच्या तळाशी सालीत बसलेला चिखल आधी खरवडून काढावा, आणि जमिनीवरचे खोड तीन चतुर्थांश कापून, ते लोळवून, उरलेला भाग दुसऱ्या बाजूने कापावा.

आता दातांविषयी. साखळीवर एक दात डावीकडे आणि पुढचा उजवीकडे तोंड करून असतो. ही रचना १९४६ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचली. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची जाड अळी डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत ओले-सुके, उभे-आडवे कसलेही लाकूड खात जाते हे त्याने निरखले आणि तशाच दातांची साखळी बनवली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच घराण्यातल्या आहेत. या रचनेचा अर्थ असा की डाव्या आणि उजव्या दातांची लांबी व धार सारखी असली तरच काप सरळ जातो. आपला काप वळतो, म्हणजे एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड किंवा बोथट झाले आहेत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. दुकानात नवा असताना पहिलीच साखळी मी मोठ्या उत्साहाने घासली. उजव्या हाताचा असल्याने एका बाजूचे दात सहज हाताखाली आले आणि दुसऱ्या बाजूला मनगट अवघडले, तेव्हा तिकडे मी घाईने दोन-दोन हात मारून मोकळा झालो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या ओंडक्याची एक चकती घेऊन परत आले. तिचा एक काठ दोन बोटे जाड होता आणि दुसरा चार बोटे. ती चकती पुढे कित्येक वर्षे दुकानात चहाचे पेले ठेवायला होती, आणि पेले तिच्यावरून घसरत.

ग्राइंडरने निळे पडलेले दात जळलेले असतात. तेथे पोलादाचा कणखरपणा गेलेला असतो. निळा भाग थोडा असेल तर तो घासून काढता येतो, फार असेल तर नवी साखळी घ्यावी. धार लावण्यासाठी गोल कानस वापरावी. सियागंजात ‘कानस’ मागितलीत तर दुकानदार तोंडाकडे पाहील. तिथे तिचे नाव ‘रेती’, आणि घरी येऊन ‘रेती आणली’ म्हणालात तर घरचे पोते कोठे आहे ते विचारतील. कानशीचा व्यास साखळीच्या मापावर अवलंबून असतो. छोट्या घरगुती यंत्रांवरच्या बुटक्या साखळीला ४ मिलिमीटर, मध्यम साखळीला ४.८ मिलिमीटर, तर जड साखळीला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते. आपल्या साखळीचे माप पुस्तिकेत आणि बहुधा पट्टीवरही कोरलेले असते.

पट्टी शिकंज्यात घट्ट धरून ब्रेक लावावा. कानस आडवी, दाताच्या माथ्यावरच्या तिरक्या खुणेला समांतर, म्हणजे बहुतेक साखळ्यांत ३० अंशांच्या कोनात धरावी. तिच्या जाडीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. दाताच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे ढकलावी आणि परत आणताना उचलून आणावी; मागे घासत आणल्याने कानसही जाते आणि धारही. सर्वांत आखूड दात आधी घासावा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणावेत, प्रत्येकाला मोजून तितकेच हात द्यावेत. एका बाजूचे सगळे दात झाले की यंत्र फिरवून दुसरी बाजू घ्यावी, म्हणजे माझ्यासारखे मनगट अवघडणार नाही. दातांची लांबी ४ मिलिमीटरवर आली की साखळी टाकून द्यावी.

आपले यंत्र झटके का देते, याचे उत्तर प्रत्येक दाताच्या पुढे असलेल्या छोट्या उंचवट्यात आहे. दाताने एका वेळी किती खोल चावा घ्यायचा हे तो उंचवटा ठरवतो. दाताच्या माथ्यापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. आपल्या कारागिराने दाताबरोबर उंचवटेही खाली नेले असावेत, म्हणून दात झेपेल त्यापेक्षा मोठा घास घेऊन अडतात, आणि टोकाशी असा दात अडला तर काय होते ते पहिल्या उत्तरात आलेच आहे. उंचवटा उगीच घासू नये. चार-पाच वेळा धार लावून झाली की मापपट्टी ठेवून पाहावे आणि जास्त वर आला असेल तेवढाच सपाट कानशीने उतरवावा.

धुराचे कारण तेल असावे. पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल वेगळे आणि साखळीच्या टाकीतले वेगळे. बांधकामाच्या गाड्यांतून काढलेले काळे, वापरलेले ऑइल साखळीला घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्यात धातूचा चुरा असतो, ते साखळीला चिकटून राहत नाही, आणि त्याचे तुषार चालवणाऱ्याच्या कातडीवर व श्वासात जातात. साखळीसाठीचे चिकट तेलच वापरावे. पट्टीचे टोक पांढऱ्या कागदासमोर हातभर अंतरावर धरून रेस दिली की कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही, तर पट्टी काढून तिची खाच आणि तेलाचे छिद्र तारेने साफ करावे. बहुधा तेथे भुशाचा घट्ट लगदा सापडेल. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपायला हवी. ती भरलेलीच राहत असेल तर तेल साखळीपर्यंत पोचत नाही आहे. पट्टी काढलीच आहे तर लावताना उलटी करून लावावी, म्हणजे तिच्या दोन्ही कडा सारख्या झिजतील.

साखळीचा ताण थंड असताना बसवावा. पट्टीच्या खालच्या कडेला ती लोंबता कामा नये, पण हातमोजा घालून ओढली तर मोकळेपणाने सरकली पाहिजे. काम करताना ती तापून लांबते आणि सैल होते. अशा वेळी ताण दिलाच तर काम संपताच पुन्हा सैल करावी, नाहीतर निवताना ती आखडते आणि इंजिनाच्या दांड्यावर व बेअरिंगवर रात्रभर ओढ राहते. नवी साखळी पहिल्या दिवशी वरचेवर तपासावी, कारण ती लवकर लांबते.

प्रश्न : मी लोकमान्यनगरातल्या एका गृहसंस्थेची सचिव आहे. आवारातले एक सुबाभळीचे झाड कलले असून ते तोडायचे आहे आणि दोन झाडांच्या फांद्या छाटायच्या आहेत. ठेकेदाराची माणसे चपला घालून आणि डोक्याला गमछा गुंडाळून करवत चालवतात. आम्ही ग्राहक म्हणून कशाचा आग्रह धरावा? परवानगी लागते का?

उत्तर : परवानगी लागते. मध्यप्रदेशात नागरी क्षेत्रांतल्या वृक्षांच्या रक्षणासाठी २००१ चा कायदा आहे आणि खासगी आवारातले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज नगर निगमकडे करावा, कललेल्या झाडाची छायाचित्रे जोडावीत आणि परवानगी हातात आल्यावरच ठेकेदाराला दिवस द्यावा. झाडाजवळून विजेच्या तारा जात असतील तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. तारेला टेकलेली फांदी ‘ओली नाही, चालेल’ म्हणून कापू देऊ नये.

ठेकेदाराला आधीच लेखी सांगावे की हेल्मेट, डोळ्यांवर पडदा, कानांवर कप, बूट आणि पायांचे संरक्षण असलेला माणूसच करवत हातात घेईल. या यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास असतो. गमछ्याने तो अडत नाही. ‘साहेब, बीस साल से ऐसेच काट रहे हैं’ हे उत्तर ठेवणीतले आहे आणि आपल्याला ते मिळेलच. त्यावर वाद न घालता काम थांबवावे. सामान दुसऱ्या दिवशी येते, असा माझा अनुभव आहे.

झाड पाडताना आपण दुरून पाहणार असाल, तर जाणकार माणूस कसा ओळखावा ते सांगतो. तो आल्याबरोबर यंत्र सुरू करत नाही. तो झाडाभोवती फिरतो, कल पाहतो, वाळलेल्या फांद्या वर अडकल्या आहेत का हे पाहतो, आणि झाड ज्या बाजूला पडणार तिच्या उलट दिशेला तिरपी, पळायची वाट मोकळी करून ठेवतो. मग पडण्याच्या बाजूला तो पाचरीच्या आकाराची खाच घेतो, जिची खोली बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी असते. त्यानंतर मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, दुसरा काप घेतो, पण तो खाचेपर्यंत नेत नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड राखतो. ४० सेंटिमीटरच्या बुंध्यात हे ४ सेंटिमीटर होतात. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखे काम करते. तिच्यावर झुकत झाड ठरलेल्या दिशेला सावकाश बसते. बिजागरी कापून टाकली तर झाड कोठेही जाऊ शकते. आपले झाड आधीच कललेले आहे, म्हणून एक सावधगिरी वाढवावी : कलाच्या दिशेने जोराचा ताण असलेला बुंधा मागून कापताना उभा चिरत जाऊ शकतो, तेव्हा हे काम नवशिक्याकडे मुळीच देऊ नये.

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणीही नसावे. संस्थेतली मुले आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारे त्यांचे वडील, दोघांनाही हे लागू आहे.

छाटणीच्या फांद्या खोडालगत एकाच कापात उतरवू देऊ नयेत. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून पूर्ण काप, आणि फांदीचे ओझे गेल्यावर उरलेला खुंट खोडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून, असे तीन काप घेतले की साल खोडावरून सोलत खाली जात नाही आणि जखम लवकर भरते. स्वच्छ जाड कापडांचा गठ्ठा जवळ ठेवावा. काम करणाऱ्या माणसाला जखम झालीच तर त्यावर कापड घट्ट दाबून धरावे, दाब सोडून पुन्हापुन्हा पाहू नये, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

प्रश्न : रामबागेत आमचे छोटे सुतारकाम आहे. गेल्या दिवाळीनंतर ठेवून दिलेली करवत आता कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही. टाकीत मिश्रण शिल्लक होते.

उत्तर : तेच कारण आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि पुष्कळ दिवस पडून राहिल्यावर पाणी व इथेनॉल खाली बसून तेलमिश्रित पेट्रोल वर राहते. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो आणि बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. अनेक करवतींच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते, म्हणून आपली पुस्तिका एकदा पाहावी.

जुने मिश्रण पूर्ण काढून टाकावे. प्लग काढून तो ओला असेल तर पुसून वाळवावा, बटण बंद ठेवून आणि चोक उघडा ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढावी, म्हणजे आतले साचलेले पेट्रोल उडून जाईल. त्या वेळी जवळपास ठिणगी किंवा विडी नको. प्लगच्या टोकांतले अंतर साधारण ०.५ मिलिमीटर असते. हवेची जाळी भुशाने बंद झाली असेल तर ती धुवून वाळवून बसवावी. इतक्यावर यंत्र चालले नाही, तर कार्ब्युरेटरचे पडदे बदलावे लागतील, आणि ते काम दुकानात करून घेणे बरे.

पुढच्या वेळी टाकी रिकामी करून, यंत्र स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवावे. मिश्रण महिन्याभरात संपेल इतकेच करावे. चांगल्या दोन-स्ट्रोक तेलाचे प्रमाण बहुतेक यंत्रांना ५० भागांस १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. ‘थोडे अंदाजाने’ ओतणाऱ्यांचे घासलेले पिस्टन मी टोपलीभर साठवले होते. मोटारीच्या इंजिनाचे तेल यात चालत नाही. पेट्रोल भरताना यंत्र बंद आणि निवलेले असावे, आणि भरल्यावर त्या जागेपासून निदान ३ मीटर दूर नेऊन ते सुरू करावे.

प्रश्न : पेट्रोलची कटकट नको म्हणून विजेवरची किंवा बॅटरीची छोटी करवत घेतली तर धोका कमी होतो का?

उत्तर : आवाज आणि धूर कमी होतो, साखळी तीच, टोकही तेच आणि झटकाही तोच, त्यामुळे अंगठा, ढाल आणि उभे राहण्याची जागा यांविषयी वर लिहिलेले सगळे येथेही लागू आहे. वायरच्या करवतीला अर्थिंग असलेली, पुरेशा जाडीची वायर आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा, वायर उजव्या खांद्यावरून मागे सोडावी, आणि पावसात किंवा ओल्या गवतावर ती वापरू नये. बॅटरीची करवत घरात अधिक धोकादायक ठरू शकते, कारण ती बंद आहे की चालू हे आवाजावरून कळत नाही. साखळीला हात लावण्यापूर्वी, मग तो धार लावण्यासाठी असो की अडकलेली काडी काढण्यासाठी, बॅटरी काढून खिशात ठेवावी.